साध्या दिवसाचा फोटो

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा एक जुना कृष्णधवल फोटो आपल्यापैकी बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेला असतो. बँकेच्या कॅलेंडरवर, एखाद्या डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये, इतिहासाच्या पुस्तकात. मधोमध घुमट, त्यावर हातात मशाल घेतलेली ‘प्रगती’ची मूर्ती, खाली घड्याळ, फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आणि दुसरीकडे वाघ. समोरचा रस्ता जवळजवळ मोकळा. एखाद-दुसरी घोडागाडी, ट्रामचे रूळ, कडेला उभी असलेली चार माणसं. फोटो उत्तम असतो, त्यात शंका नाही. डोंबिवलीला राहून नोकरीची सगळी वर्षं फोर्टात काढलेला मी तो पाहतो तेव्हा मात्र दर वेळी जाणवतं की यातलं स्टेशन माझ्या ओळखीचं नाही.

आमची व्हीटी वेगळी. नाव १९९६ मध्ये बदललं, २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ आलं, तरी आमच्या पिढीच्या तोंडून अजून व्हीटीच निघतं. सकाळची फास्ट लोकल मस्जिद सोडते, वेग कमी होतो, दारातली माणसं गाडी थांबण्याआधीच फलाटावर उतरलेली असतात. चार ते सात या फलाटांवरची गर्दी एकत्र होऊन पुढे सरकते आणि त्या गर्दीबरोबर आपण सबवेत उतरतो किंवा रस्त्यावर येतो. तोवर इमारत पाठीमागे गेलेली असते. संध्याकाळी परत येताना ती समोर असते हे खरं. पण तेव्हा डोळे इंडिकेटरवर असतात. कल्याण स्लो, की कर्जत फास्ट, की अंबरनाथ, आणि कुठल्या फलाटावर, एवढंच त्या क्षणी महत्त्वाचं. ज्या इमारतीत रोज दोनदा पाऊल टाकलं, तिचा चेहरा मी नीट पाहिला तो फोटोतच.

हा चेहरा फोटोत इतका पक्का कसा बसला, याचा शोध घेतला की एक मजेदार गोष्ट सापडते. इमारत उभी राहण्याच्या आधीच तिचं चित्र तयार झालं होतं. वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या कल्पनेवरून अॅक्सेल हेग या चित्रकाराने १८७८ मध्ये जलरंगात ती रंगवली, रस्त्याच्या बाजूने, थोडी तिरकी, सगळे मनोरे दिसतील अशी. त्याच वर्षी बांधकाम सुरू झालं, ते दहा वर्षं चाललं. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली म्हणून तिचं नाव दिलं गेलं. पुढे कॅमेरे आले आणि छायाचित्रकारही साधारण त्याच जागी उभे राहिले. आजचा पर्यटकही फोन वर धरून तिथेच उभा असतो. रस्त्याच्या पलीकडे आता त्यासाठी जागाही केलेली आहे.

त्या जागेवरून इमारत जशी दिसावी असं बांधणाऱ्यांना वाटत होतं, तशी ती दिसते. रेल्वे कंपनीचं मुख्यालय, साम्राज्याचं वैभव, मुंबई इलाख्याच्या राजधानीचं दार. खोटं त्यात काही नाही. दगडावरची माकडं, मोर, पानंफुलं कोरण्याच्या कामात सर जमशेटजी जीजीभॉय कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा हात होता. सहायक अभियंता होते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य. भिंतीवरच्या गोलाकार शिल्पांत जगन्नाथ शंकरशेट यांचाही चेहरा आहे. रस्त्याच्या पलीकडून काढलेल्या फोटोत यातलं काहीच ओळखू येत नाही. तेवढ्या अंतरावरून फक्त डौल दिसतो.

जुन्या फोटोतला तो मोकळा रस्ताही समजून घेण्यासारखा आहे. त्या काळच्या मोठ्या कॅमेऱ्यात इमारतीचा प्रत्येक कोपरा स्पष्ट यावा म्हणून भिंगाचं छिद्र लहान ठेवत, आणि मग काचेवर पुरेसा प्रकाश पडायला वेळ लागे. तेवढ्या वेळात जो स्थिर उभा राहिला तो उमटला. जो चालत होता तो पुसट झाला, किंवा अजिबात उमटला नाही. त्यामुळे फोटोत दिसतात ते टेकून उभे असलेले गाडीवान आणि पोलीस. घाईत असलेला माणूस नाही. इमारतीच्या उभ्या रेषा ताठ दिसतात त्याचंही कारण तांत्रिक आहे. त्या कॅमेऱ्याचं भिंग वर सरकवता येत असे, म्हणून कॅमेरा कलवावा लागत नसे. आपण फोन वर कलवला की तेच मनोरे मागे झुकलेले दिसतात. म्हणजे समोर जे होतं त्यातलं काय टिकवायचं, हे अर्धं छायाचित्रकाराने ठरवलं आणि अर्धं यंत्राने.

पण असा फोटो वाचायला शिकलं की तो भरभरून बोलतो. माझा हा छंद आहे. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ मध्ये सुरू झाली, विजेची १९०७ मध्ये, आणि ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम धावली. तेव्हा रस्त्यावर रूळ असूनही वर तारा नसतील तर फोटो विजेच्या ट्रामच्या आधीचा. समोर महानगरपालिकेची इमारत पूर्ण दिसत असेल तर १८९३ नंतरचा. तीही स्टीव्हन्स यांचीच. घड्याळाखालच्या कोनाड्यात राणीचा पुतळा असेल तर इंग्रजांचा काळ, किंवा स्वातंत्र्यानंतरची अगदी सुरुवातीची वर्षं. कोनाडा रिकामा असेल तर नंतरचा. ज्या फोटोमागे कुणी तारीख लिहिली नाही, त्याची तारीख अशी रस्त्यावरून आणि कोनाड्यातून काढावी लागते.

हे व्हीटीच्या बाबतीत जमतं, कारण तिचे फोटो भरपूर आहेत आणि ते साध्या दिवसांचे आहेत. कुठल्याशा दुपारी कुणीतरी कॅमेरा लावला आणि विशेष काही घडत नसताना फोटो काढला. राजधानीतल्या वास्तूला हे भाग्य मिळतं.

आता याच रुळाच्या दुसऱ्या टोकाकडे या. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून चौदा डब्यांची गाडी निघाली, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं तिला जोडलेली होती, सुमारे चारशे निमंत्रित आत होते, आणि एकवीस तोफांची सलामी झाली. हे सगळं आपल्याला पाठ असतं. गाडी कुठे आली? ठाण्याला. भारतातल्या पहिल्या प्रवासी गाडीचं दुसरं टोक ठाणे हे आहे. व्हीटी तेव्हा नव्हती, तिचा विचारही नव्हता. ठाणे स्टेशन मात्र होतं. मग त्या दिवसाच्या ठाण्याचं चित्र आपल्या डोळ्यांसमोर काय आहे?

‘पहिली रेल्वे’ म्हणून एक चित्र दर १६ एप्रिलला फिरतं: कमानींच्या लांब पुलावरून धूर सोडत गाडी चालली आहे, खाली पाणी. ठाणेकरांनी तरी ते पाहताच थांबायला हवं. चित्रातला पूल खाडीवरचा असेल, तर तो ठाण्याच्या पुढे, कळव्याच्या वाटेवर आहे. पहिली गाडी ठाण्याला थांबली होती. खाडी ओलांडून कल्याणपर्यंतचा मार्ग सुरू झाला तो १ मे १८५४ रोजी, म्हणजे वर्षभराहून अधिक काळाने. तेव्हा ते चित्र पहिल्या गाडीचं असू शकत नाही. शिवाय मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली तीही १८५४ मध्ये. रेल्वे आली तेव्हा इथे कॅमेरा हौशी लोकांच्या हातात नुकता कुठे येत होता. त्या काळातली म्हणून जी चित्रं आपण पाहतो, त्यांत लाकडी ठशांवरून छापलेली पुष्कळ आहेत, आणि असे ठसे वर्णन वाचून आणि रेखाटनं पाहूनही कोरले जात.

म्हणजे एका टोकाला, जिथे पहिल्या गाडीच्या दिवशी व्हीटी नव्हतीच, तिथल्या इमारतीचे शेकडो फोटो; आणि दुसऱ्या टोकाला, जिथे ती गाडी प्रत्यक्ष पोहोचली, तिथे चुकीच्या मथळ्याचं चित्र. मला याचं वाईट वाटतं. ठाण्याला मोठेपणा मिळाला नाही म्हणून नव्हे. ठाण्याकडे किल्ला आहे, मासुंदा तलाव आहे, कौपिनेश्वर आहे. मोठेपणाची त्याला वाण नाही. वाईट याचं वाटतं की आपल्या भागाचे फोटो निघतात ते फक्त वाईट दिवशी.

कल्याणचा पत्रीपूल घ्या. १९१४ साली बांधलेला, रुळांवरून जाणारा हा पूल कल्याणकरांनी आणि डोंबिवलीकरांनी शंभर वर्षं वापरला. त्यावरची कोंडी, खालून जाणाऱ्या गाड्यांची धडधड, पावसात पुलाच्या तोंडाशी अडकलेल्या रिक्षा, हे सारं रोजचं होतं. १८ नोव्हेंबर २०१८ रोजी मेगाब्लॉक घेऊन तो उतरवला, आणि नवा पूल जानेवारी २०२१ मध्ये सुरू झाला. आज त्या जुन्या पुलाचे फोटो शोधा. क्रेनने उचललेला गर्डर सापडेल, पाडकाम पाहायला जमलेली माणसं सापडतील. पण १९८५ मधली एखादी संध्याकाळ, कामावरून परतणारी माणसं, हातगाडी, पुलावर बसलेला भाजीवाला? घराघरातल्या अल्बममध्ये शोधलं तर कदाचित एखाद्या लग्नाच्या वरातीमागे पुलाचा कठडा दिसेल.

जुलै २०१९ मध्ये वांगणीजवळ पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, तेव्हा हेलिकॉप्टरमधून घेतलेली दृश्यं देशभर दिसली. ९ जून २०२५ रोजी दिवा आणि मुंब्रा यांच्यामध्ये दारात लटकलेले प्रवासी खाली पडले, काहींचा जीव गेला, आणि संध्याकाळपर्यंत दिव्याच्या गर्दीचे फोटो प्रत्येक वाहिनीवर होते. ही गर्दी त्या सोमवारी जन्माला आली नव्हती. आदल्या सोमवारी होती, त्याच्या आदल्या वर्षी होती. ती रोजची असल्यामुळे कुणाला टिपण्यासारखी वाटली नाही. अपघाताच्या दिवसाचा फोटो काय झालं ते सांगतो. ते का झालं हे सांगायला आधीच्या शेकडो साध्या दिवसांचे फोटो लागतात: फलाट कधी वाढवला, पूल कधी अरुंद पडला, दिव्याच्या फलाटावर सकाळी आठला दहा वर्षांपूर्वी किती माणसं उभी होती आणि आज किती. नियोजनाच्या प्रत्येक बैठकीत हेच पुरावे हवे असतात, आणि हेच नसतात.

यात आपलाच आळस आहे असं म्हणून सोडून देता येणार नाही. कित्येक वर्षं रेल्वेच्या पुलांवर फोटो काढण्यास मनाई असल्याच्या पाट्या होत्या. स्टेशनवर कॅमेरा काढला की कुणीतरी हटकणार, ही भीती आमच्या पिढीच्या हाडांत मुरलेली होती. रोल महाग होता. छत्तीस फोटोंतले तीस बारशाला आणि उरलेले माथेरानला जात. फलाटावर कोण खर्च करणार? पुढे फोन आले तरी ती सवय सुटली नाही. आता आपण फोटो काढतो ते डोंबिवलीच्या फडके रोडवर दिवाळीच्या पहाटे, नाहीतर गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत. सणाचा फोटो हवाच. पण सणाच्या दिवशी गाव जसं दिसतं तसं ते इतर दिवशी दिसत नाही.

व्हीटीचा एक फोटो मात्र आतल्या बाजूने काढलेला आहे आणि त्याच्याविषयी बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २६ नोव्हेंबर २००८ ची, दहशतवादी हल्ल्याची रात्र. ‘मुंबई मिरर’चे छायाचित्रकार सेबॅस्टियन डिसूझा समोरच्या टाइम्सच्या इमारतीतून स्टेशनात धावत गेले आणि फलाटावर उभ्या असलेल्या गाडीच्या डब्यातून त्यांनी हल्लेखोर कसाबचा फोटो काढला. ‘टाइम्स’चे श्रीराम वेर्णेकर हेही त्या रात्री तिथे होते. बंदूक हातात घेऊन चालणारा तो तरुण जगाने पाहिला तो या फोटोमुळे. पुढे दोघांनीही विशेष न्यायालयात साक्ष दिली आणि ते फोटो पुरावा म्हणून दाखल झाले. लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या बाजूला पन्नासहून अधिक माणसं मारली गेली. रेल्वे पोलिसांचे निरीक्षक शशांक शिंदे तिथेच पडले. उपनगरी बाजूला उद्घोषक विष्णू झेंडे यांनी माइकवरून लोकांना मागच्या बाजूने बाहेर पडायला सांगितलं आणि आमचे फलाट रिकामे झाले.

त्या रात्री आमच्या सोसायटीतल्या कितीतरी घरांचे दिवे पहाटेपर्यंत जळत होते. कुणाचा मुलगा परतला नव्हता, कुणाची सून चर्चगेटहून दादरला गेली की व्हीटीला, हे कळत नव्हतं. ज्यांची माणसं झेंडे यांच्या त्या सूचनेमुळे बाहेर पडली, त्यांतल्या कित्येकांना हे नाव नंतर पेपर वाचून कळलं. रिकाम्या होत जाणाऱ्या उपनगरी फलाटांचा तसा गाजलेला फोटो मला आठवत नाही. मारणाऱ्याचा फोटो आहे, आणि तो असायलाच हवा होता. त्यावाचून न्यायालयातला पुरावा इतका भक्कम झाला नसता. डिसूझा आणि वेर्णेकर यांच्या धैर्याला माझा नमस्कार आहे. तरी मनात येतं, की त्या इमारतीच्या आत, प्रवाशांच्या बाजूने काढलेला सर्वांत प्रसिद्ध फोटो हा असावा, आणि तिथून रोज जाणाऱ्या लाखो माणसांचा एकही तितका ओळखीचा नसावा, हे बरोबर नाही.

फोटो कुठून काढला याच्याइतकंच महत्त्व त्याच्याखाली काय लिहिलं याला आहे. कल्याणची लेक आनंदीबाई जोशी यांचा एक फोटो आता जगभर पोहोचला आहे. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात १० ऑक्टोबर १८८५ रोजी काढलेला. तीन तरुणी, तिघीही आपापल्या देशाच्या पोशाखात: मधोमध जपानच्या केइ ओकामी, एका बाजूला साडी नेसलेल्या आनंदीबाई, दुसरीकडे दमास्कसच्या इस्लांबूली. खाली तिघींची नावं, गावं आणि देश लिहिलेले आहेत. एवढ्या दोन ओळी असल्यामुळे आज जपानमध्ये, सिरियात आणि महाराष्ट्रात लोक आपापल्या बाईला ओळखतात. त्या ओळी नसत्या तर परदेशी कॉलेजातल्या तीन अनोळखी विद्यार्थिनी, एवढंच त्याचं मोल उरलं असतं. आणि तरीही त्यात गाव म्हणून कल्याण नाही. बंगालमधल्या सेरामपूरचं नाव आहे, तेही विचित्र अक्षरांत, कारण अमेरिकेला निघताना त्या तिथून निघाल्या होत्या. लिहिणाऱ्याने जे ठाऊक होतं ते लिहिलं. कल्याणचं नाव त्यात यावं असं वाटत असेल तर ते कल्याणकरांनीच लिहायला हवं. फोटोचं हे असं असतं.

म्हणून मला वाटतं, व्हीटीचा तो देखणा समोरचा फोटो आपण जरूर भिंतीवर लावावा. २००४ पासून ती जागतिक वारसा आहे. तो आपल्या घामाने आणि पासाच्या पैशाने उभा राहिलेला, चालत राहिलेला वारसा आहे. पण त्या फोटोशेजारी लावायला दुसराही एक हवा: फलाट क्रमांक पाचवरचा, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांचा, कुठल्याही बुधवारचा. ठाण्याच्या दहा नंबरवरच्या पुलाचा. डोंबिवलीच्या मधल्या पुलावर उभ्या असलेल्या फुलवालीचा, तिला विचारून आणि तिचं नाव लिहून. पारसिकच्या बोगद्यातून गाडी बाहेर पडते तेव्हा डब्यातल्या चेहऱ्यांवर येणाऱ्या उजेडाचा. १९१६ मध्ये खुल्या झालेल्या त्या बोगद्याचे बाहेरून काढलेले फोटो आहेत, आतल्या माणसांचे शोधावे लागतात. फलाटांची रुंदी, पत्र्याचं छत, तिकिटांच्या खिडक्या, बूटपॉलिशवाल्याची पेटी, भजनी मंडळाचा डबा, हे सगळं आपल्या डोळ्यांदेखत बदलत आहे. वातानुकूलित गाड्यांची दारं बंद होऊ लागली तशी दारातली हवा खाणारी माणसंही काही वर्षांत इतिहासजमा होतील.

यासाठी मोठा कॅमेरा लागत नाही, कुणाची परवानगी मिळवून प्रदर्शन भरवावं लागत नाही. वाटेत कुणाला अडथळा न करता, कुणाला लाजवणार नाही असा एक फोटो महिन्यातून एकदा काढला तरी पुरे. मात्र तो फोनमध्ये राहू देऊ नका. फोन बदलला की तो गेला. चांगल्या कागदावर छापून घ्या, मागे पेन्सिलने चार गोष्टी लिहा: तारीख, वेळ, जागा, आणि माणसं ओळखीची असतील तर त्यांच्या संमतीने नावं. वर्षाअखेरीस असे दहा-बारा फोटो पाकिटात घालून जवळच्या जुन्या वाचनालयात नेऊन द्या. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून. पुस्तकं जपण्याची सवय त्यांना दीडशे-सव्वाशे वर्षांची आहे. फोटोंचं एक कपाट त्यांनी उघडावं अशी त्यांच्या कार्यकारिणीला माझी विनंती आहे, आणि तुम्हाला विनंती ही, की ते कपाट रिकामं राहू देऊ नका. सुरुवात येत्या बुधवारी करता येईल.